मावशीमार्फत सांगली

"आता मावशी बोलेल. तिचं बोलून होईपर्यंत काही दाबू नकोस," ढमढेरे म्हणाला.

मावशी बोलली. गोड इंग्रजीत तिने माझं स्वागत केलं, माझ्यासारखी माणसं फोन करतात म्हणून कंपनीला किती आनंद होतो ते सांगितलं आणि हवा तो नंबर फिरवून शेवटी हॅश दाबायला सांगितलं.

"हॅश विसरू नकोस. हॅश दाबलं नाही तर ती बिचारी ताटकळत बसते."

"जयसिंग, आजच्या दिवस थेट लावू दे रे. माझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच सांगतोय. निधनाची बातमी असती तर मीच म्हणालो असतो, थेट लाव. दोन वाक्यांचं काम. ही बोलणी आहेत. नुसत्या मानपानात अर्धा तास जातो. थेट लावलंस तर लग्न होईल, पण संसाराला काही उरणार नाही."

मी हॅश दाबलं.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, इंग्लंडातल्या रेडिंग गावची. आम्ही दोघं कंपनीच्या कामावर तिथे गेलो होतो आणि एका चिनी हॉटेलाच्या डोक्यावर भाड्याने राहत होतो. जयसिंग ढमढेरे तळेगाव ढमढेऱ्याचा. आमच्या मोबाईलच्या प्लॅनमध्ये इंग्लंडातल्या इंग्लंडात बोलायला भरपूर मिनिटं फुकट मिळायची, आणि इंग्लंडात बोलायला आमचं कुणी नव्हतं. भारतात बोलायचं तर पाऊण पौंड मिनिट. या अन्यायावर ढमढेऱ्याने उपाय शोधून काढला होता. लंडनचा एक नंबर होता. तो लावायचा, म्हणजे कॉल फुकटातला. मग मावशी, म्हणजे तिथला रेकॉर्ड केलेला आवाज, उचलणार आणि तिथून पुढे आपल्याला भारतात जोडून देणार. पुढच्या प्रवासाचे ती अगदी नाममात्र घ्यायची. हा नंबर ढमढेरे भेटेल त्या मराठी माणसाला धर्मकार्य म्हणून देत असे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर लोक प्रसादासाठी एका रांगेत आणि ढमढेऱ्यासाठी दुसऱ्या रांगेत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. दुसरी रांग मोठी होती.

मावशीत खोड म्हणाल तर एवढीच, की तासाभराने ती न सांगता फोन कापायची. आणि आवाज पोचायला वेळ लागायचा. "स्वस्तातला माल लांबच्या रस्त्यानेच येणार," ढमढेरे सांगायचा. "आपलं वाक्य इथून निघतं, वाटेत कुठेतरी उतरून चहा पितं, मग पुढे जातं." शिवाय त्या लाईनीवर एका वेळी एकच आवाज मावायचा. आपण बोलत असलो की पलीकडचं ऐकूच यायचं नाही. आईशी बोलताना याचा काही त्रास होत नसे. आईशी बोलताना मला बोलावं लागतच नसे.

पण आज पलीकडे भूपाल अण्णा मगदूम होते.

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते. त्यांची थोरली मुलगी त्रिशला डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. महिन्याभरापूर्वी सुट्टीवर गेलो असताना मी तिला पाहून आलो होतो. सगळे पोहे खात असताना तिने मला एकच विचारलं होतं, "तिकडे खिडकीतून काय दिसतं?" मी खरं ते सांगितलं, "दुसरी खिडकी." ती हसली. एवढ्यावर मी रेडिंगला परतलो होतो, आणि तेव्हापासून त्या दुसऱ्या खिडकीकडे बघत बसण्यापलीकडे मी काही काम केलेलं नव्हतं.

बोलणी करायला आमचे बाबा गेले, तिथेच घात झाला. बाबा इचलकरंजीच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक. अण्णा जे म्हणतील त्याला बाबा "उत्तम" म्हणत गेले. लग्न सांगलीत? उत्तम. उन्हाळ्यात? उत्तम. अण्णांनी गंमत म्हणून मुलीकडच्या चारशे माणसांचा आकडा सातशेवर नेला, तरी उत्तम. अण्णा ज्या बाजारात वाढले होते तिथे पहिल्याच भावाला मान डोलावणारा माणूस म्हणजे एक तर त्याच्या मालात कीड, नाहीतर त्याच्या डोक्यात. बाबा घरी पोचायच्या आत अण्णांचा निरोप आला : मुलाशी स्वतः बोलल्याशिवाय पुढं काही नाही. शनिवारी दुपारी फोन करायला सांगा. संध्याकाळी कोल्हापूरचे पाहुणे यायचे आहेत.

कोल्हापूरचे पाहुणे म्हणजे दाताचे डॉक्टर. स्वतःचा दवाखाना, खुर्च्या दोन. ही सगळी माहिती आईने मला एका दमात दिली होती आणि शेवटी म्हणाली होती, "तू आपला नीट बोल. बाबांसारखं करू नकोस."

फोन वाजू लागला. ढमढेऱ्याने मोबाईलला दुसऱ्या बाजूने कान लावला. अशा रीतीने गालाला गाल लावून आम्ही दोघं माझ्या होणाऱ्या सासऱ्यांशी बोलायला सज्ज झालो.

"हॅलो, कोण?"

"नमस्कार अण्णा, मी शीतल. शीतल चौगुले."

"हॅलो? कोण बोलालंय? हॅलो!"

"मी शीत—"

"नमस्कार, नमस्कार. बोला की."

"शीतल बोलतोय."

"कळलं ओ. किती वेळा सांगताय?"

ढमढेऱ्याने फोनवर हात ठेवला. "गडबड करू नकोस. तो बोलला की लगेच तोंड उघडायचं नाही. त्याचं बोलून झालंय का, ते बघ. खात्री कर. एक आवंढा गिळ. मग बोल. आणि एकदाच बोल."

ही सूचना मी तंतोतंत पाळली, आणि माझं आयुष्य तिथे वळलं.

सांगलीच्या टोकाला त्या दिवशी काय काय ऐकू येत होतं, हे मला लग्नानंतर तुकड्यातुकड्यांनी समजलं, शेवटचा तुकडा तर गेल्या महिन्यात. इथे ते जोडूनच सांगतो, नाहीतर तुमचीही अवस्था माझ्यासारखी व्हायची. बाहेरच्या सोप्यात अण्णा फोन धरून बसले होते. त्याच लाईनीचा दुसरा फोन स्वयंपाकघरात होता, आणि तो त्रिशलाच्या कानाला होता.

"तर बघा," अण्णा म्हणाले, "लग्न सांगलीत करायचं. आमची सगळी माणसं हितली हायत."

मी ऐकलं. खात्री केली. आवंढा गिळला. म्हणालो, "चालेल."

आता अण्णांच्या बाजूने पाहा. त्यांनी लग्न सांगलीत म्हटलं आणि फोनमध्ये शांतता पसरली. नकार नाही, होकार नाही, खोकलासुद्धा नाही. अण्णांच्या वडिलांच्या काळी हळदीचे सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. गप्प बसता येणं ही त्या धंद्यातली सगळ्यात मोठी अक्कल, आणि जो कळ न सोसून आधी बोलला तो बुडाला, हे अण्णा लहानपणापासून बघत आले होते. समोरचा पोरगा गप्प आहे याचा अर्थ त्यांना चांगला कळत होता.

"बरं, ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "इचलकरंजीत करा. आम्ही येतो."

तेवढ्यात माझा "चालेल" सांगलीला पोचला.

"बघितलंस?" अण्णा रिसीव्हरवर हात ठेवून बायकोला म्हणाले. "सांगलीला गप्प. इचलकरंजी म्हटल्यावर चालेल. बापासारखा न्हाई पोरगा."

माझी उत्तरं सगळी बरोबर होती. फक्त ती एक प्रश्न मागे होती.

रेडिंगच्या बाजूला माझी वेगळीच पंचाईत. मी सांगलीला हो म्हणतोय तोवर अण्णा आपणच इचलकरंजीवर येत होते. मी फोन झाकून विचारलं, "हे कुणाशी भांडतायत?"

"स्वतःशीच," ढमढेरे म्हणाला. "भांडू दे. तू आवंढा गिळ."

मी गिळत राहिलो. अण्णा म्हणाले, जेवणात जिलेबी ठेवू. शांतता. बरं, श्रीखंड ठेवू. शांतता. बरं ओ, दोन्ही ठेवू! आहेर आम्ही ठरवू. शांतता. बरं, तुम्ही ठरवा. तुमची माणसं दोनशे धरतो. शांतता. बरं, तीनशे. कोणत्याही मुलाकडच्या माणसाने आजवर माझ्याइतकं कमी बोलून माझ्याइतकं मिळवलं नसेल. मी अर्थातच सगळ्याला पहिल्या फटक्यात हो म्हणत होतो. रक्त बाबांचंच होतं. पण मावशी ते हो लांबच्या रस्त्याने नेऊन, मुरवून, वजन वाढवून सांगलीत पोचवत होती.

मग अण्णांनी मोठी बोली काढली.

"आमच्याकडनं तुमास्नी एक गाडी द्यायचं म्हणालोय."

हे ऐकून मला खरंच राग आला. मी आवंढा गिळला आणि स्पष्ट सांगितलं, "मुळीच नाही. असलं काही मला चालणार नाही, अण्णा. हा विषय पुन्हा काढू नका."

पण सांगलीत शांतता होती. पोरगा गाडीलासुद्धा गप्प आहे म्हटल्यावर अण्णांना घाम फुटला. त्यांनी घाईघाईने विषय बदलला, "बरं, ते ऱ्हाऊ दे. आमच्या पोरीला लग्नानंतर पुढं शिकायचंय. चालंल न्हवं?"

आणि सांगलीत माझा आवाज पोचला : मुळीच नाही. असलं काही मला चालणार नाही, अण्णा. हा विषय पुन्हा काढू नका.

सोप्यात काही हललं नाही. स्वयंपाकघरात त्रिशलाच्या हातून झारा पडला, असं सांगतात.

"का ओ?" अण्णांचा आवाज चढला. "पोरगी शिकली तर तुमचं काय बिघडतंय?"

मी तोवर शिक्षणाच्या प्रश्नाला उत्तर देऊन बसलो होतो. तेच आता पोचलं, "अवश्य शिकावं. मला फार आवडेल. इकडे चांगली विद्यापीठं आहेत. फॉर्म मीच आणून ठेवतो."

अण्णांनी रिसीव्हरवर हात ठेवला. मला वाटलं, फोन कापला.

"आधी दार आपटून बंद करायचं," अण्णा शेवटी बायकोला म्हणाले, "माणूस हताश झाला की मग दार उघडून वर पाट मांडायचा. मार्केट यार्डात तीस वर्षं काढली, पण असा हिसका मला न्हाई जमला." हे सांगताना त्यांच्या आवाजात आदर होता, असं त्रिशलाची आई मला नंतर म्हणाली.

यानंतर वातावरण एकदम सैल झालं. अण्णांनी माझ्या जेवणाखाण्याची चौकशी केली. तिकडं आंबे मिळतात का, देऊळ आहे का, हे विचारलं. मी खात्री करून, आवंढे गिळून उत्तरं देत होतो.

"तिकडं थंडी फार असती काय?"

"हो. खूप," मी म्हणालो. मनापासून म्हणालो, कारण चिनी हॉटेलवाल्याने आठवडाभर हीटर दुरुस्त केला नव्हता. आणि माझं बोलून होतंय तोच फोनमध्ये खट् झालं. मग नुसती टूं टूं.

"तास झाला," ढमढेरे घड्याळ न बघता म्हणाला. "मावशी नियमाची पक्की आहे."

"अरे, त्यांना वाटेल मी फोन आपटला!"

"परत लाव."

परत लावला. मावशी म्हणाली, सगळ्या लाईनी व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा. पुन्हा लावला. मावशीने तेच सांगितलं, आवाजात जराही ओशाळलेपणा न आणता. शनिवारची सुट्टी. रांगेत उभं राहून नंबर नेलेलं सगळं महाराष्ट्र मंडळ आपापल्या आयांशी बोलत होतं.

"तुझ्या धर्मकार्याचं फळ," मी म्हणालो.

"धीर धर. पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत कोल्हापूर येईल सांगलीत!"

आणि मी थेट लावला. ढमढेऱ्याने डोळे मिटून घेतले. असला खर्च त्याला बघवत नसे, दुसऱ्याचा असला तरी.

लाईन अशी लागली की जणू अण्णा पलीकडच्या खोलीत बसले असावेत. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे पंख्याची करकर ऐकू येत होती.

"हॅलो, को—"

"अण्णा, मी शीतल, फोन कापला गेला, मी ठेवला नव्हता, आपोआप गेला, माफ करा, तुम्ही कृपया गैरसमज—"

"असू दे, असू दे. तर मग लग्न इचल—"

"चालेल!"

"आं? म्हटलं इचलकरंजीला ठर—"

"चालेल ना! सांगलीला म्हणालात तरी चालेल!"

अण्णा थांबले. "सांगलीला चालंल?"

"हो!"

"आणि मिरजेला?"

"उत्तम!"

"विजापूरला?"

"तुम्ही म्हणाल तिथे, अण्णा!"

पंखा करकरत राहिला.

"कोण बोलालंय?" अण्णांनी विचारलं.

"शीतल. शीतल चौगुले."

"आवाज तसाच हाय. पर माणूस तो न्हवं. मघाशी बोलत होते ते कुठं गेले?"

"मीच होतो, अण्णा!"

"ते बोलायच्या आधी इच्यार करत होते. तुम्ही माझा प्रश्न तोंडातनं भाईर पडायच्या आधी झेलालाय. काय चाललंय काय? दोन दोन पोरं बसवून बोलणी करताय व्हय? सौद्याला एक आणि लग्नाला दुसरा?"

"नाही हो अण्णा, शपथ घेतो, मीच, मीच—"

"शपथ पण लगीच घेतली," अण्णा खिन्नपणे म्हणाले. "ऱ्हाऊ दे. पाहुणे यायची वेळ झाली." आणि फोन ठेवला.

मी पलंगावर बसलो. समोर दुसरी खिडकी दिसत होती. तिच्यात एक म्हातारा इंग्रज कुंडीला पाणी घालत होता. त्याला बायको असेल, नसेल. मी त्याच्या वयाचा झालेला मला दिसलो.

"ऊठ," ढमढेरे म्हणाला. "माझ्या फोनवरनं लागली मावशी. रिंग जातेय. आणि आता ऐक. तुझा सासरा आवाजावर भुललेला नाही, गप्प बसण्यावर भुललाय. तू बोलू नकोस. जितकं बोलणार नाहीस तितकं बरं."

फोन उचलला गेला.

"हॅलो, कोण?"

मी ऐकलं. खात्री केली. आवंढा गिळायची गरज नव्हती, घशात अडकलेलाच होता. माझं तोंड उघडायच्या आत सांगलीहून आवाज आला, आनंदाने फुललेला, "हां! हे बघ! हाच, हाच तो!"

मी अजून एक अक्षर बोललो नव्हतो. अण्णांनी मला ओळखलं होतं.

"मघाशी कोण दुसराच फोनवर आला होता ओ तुमच्याकडनं. नुसता बडबड्या. कोण तो?"

मी ढमढेऱ्याकडे पाहिलं. ढमढेऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय येतंय ते कळलं आणि त्याने मान हलवून नाही म्हटलं.

"माझा रूममेट," मी म्हणालो. "ढमढेरे."

"असल्या माणसापासनं लांब ऱ्हावा," अण्णांनी मला सल्ला दिला. "मग ठरलं म्हणायचं? पोरगी पण खूश हाय. तिला तिचं उत्तर मिळालं म्हणालीय."

कसलं उत्तर, ते मला कळलं नाही. शिक्षणाचं असणार, असं धरून मी चाललो. "ठरलं," मी म्हणालो. अण्णांनी तेवढ्यात रिकाम्या जागेत आणखी पन्नास माणसं वाढवून दिली.

लग्न इचलकरंजीला झालं. जिलेबीही होती, श्रीखंडही होतं. ढमढेरे खास रजा काढून आला, तर अण्णांनी त्याच्याशी बोलायचंच टाळलं. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा अण्णा मागे सरकून मला म्हणाले, "हाच न्हवं तो बडबड्या?" ढमढेरे तोंडातून शब्द न काढता पंगतीला जाऊन बसला. मैत्रीत माणूस काय काय सोसतो.

माझ्या वाट्याला जे आलं ते मात्र कायमचं. अण्णांसमोर मला आजही लगेच उत्तर देता येत नाही. जावयाला वजन आहे, अशी सांगलीत ख्याती झालेली. ती सांभाळावी लागते. भावकीतलं भांडण असो की दुकानाच्या भिंतीचा रंग, अण्णा माझ्याकडे बघतात. मी ऐकतो, खात्री करतो, आवंढा गिळतो. तोवर त्यांचं त्यांनाच काहीतरी सुचतं, ते म्हणतात, "तेच बरोबर," आणि श्रेय मला मिळतं. ही पद्धत फक्त जेवताना महागात पडते. अजून एक पोळी वाढू का, असं सासूबाई विचारतात. माझा "नको" निघेपर्यंत पोळी पानात असते, तिच्यावर तूप असतं. जावयाचं वजन सांगलीत वाढलं ते दोन्ही अर्थांनी म्हणायला हरकत नाही.

आता मावशी राहिली नाही. ढमढेऱ्याकडे रांग लावणारं कुणी राहिलं नाही. फोन फुकट झाला, आणि वर चेहराही दिसतो. अण्णा ऐंशीच्या पुढे गेलेत. पुण्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी व्हिडिओवर येतात आणि कपाळ तेवढं दाखवतात.

गेल्या महिन्यात एकदा बोलता बोलता ते कपाळ मध्येच थिजलं. नेट गेलं. त्रिशला भाजी निवडत होती. मी भांडी घासायची कुणाची पाळी आहे हा विषय निघू नये म्हणून म्हणालो, "मावशीची आठवण झाली. त्या दिवशीही असंच झालं होतं. अण्णांनी शेवटचं विचारलं, तिकडे थंडी फार असती काय, आणि खट्."

"शेवटचं अण्णांनी नव्हतं विचारलं," त्रिशला म्हणाली. "मी विचारलं होतं."

"तू? तू कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरातल्या फोनवर. अण्णांचं थंडीचं विचारून झालं आणि मी मध्येच घुसले. कधीपासून जीव गोळा करत होते. तू उत्तर दिलंस की!"

"मी? काय विचारलंस?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "विचारलं, घरचे म्हणतात म्हणून नव्हे, तुम्हाला स्वतःला माझ्याशी लग्न करावंसं वाटतं का? आणि तू म्हणालास, हो. खूप. एका क्षणात. तोवर प्रत्येक प्रश्नाला एवढा वेळ लावणारा माणूस, या एकाच प्रश्नाला थांबला नाही. त्यावर तर मी..."

ती थांबली. तिने आयुष्यभर मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंय. तिच्या चेहऱ्यावर आवाज सांगलीहून निघालेला, वाटेत चहा प्यायलेला, रेडिंगला पोचलेला आणि परत फिरलेला मला दिसला. हिशेब जुळला.

"शीतल," ती म्हणाली, "ते थंडीला होतं?"

मी ऐकलं. खात्री केली.

"थंडीला होतं," मी म्हणालो. "तुझा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही. त्याआधी मावशीने कापलं."

"म्हणजे वीस वर्षं मी तुझ्या हीटरशी संसार करतेय."

मी आवंढा गिळू लागलो.

"ते अण्णांपुढे ठेव," ती म्हणाली. "इथे लाईन चांगली आहे. प्रश्न आता पोचलाय. बोल."

"हो," मी म्हणालो. "खूप." तिचं वाक्य संपायच्या आत म्हणालो. विजापूरला उत्तम म्हणणाऱ्या माणसाच्या घाईने.

तिने जुडी परत उचलली आणि एकेक पान खुडू लागली. चेहऱ्यावर होकार नाही, नकार नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. मग वाटलं, ऐकू गेलंय आणि पटलेलं नाही. अण्णांच्या सोप्यात त्या दुपारी काय झालं असेल, हे मला पहिल्यांदा अंगावर येऊन कळलं.

"बरं," मी म्हणालो, "आजची भांडी मी घासतो."

ती पानं खुडत राहिली.

"बरं, उद्याचीही."

शेवटी तिने जुडीतलं उरलेलं देठ बाजूला टाकलं आणि मान वर केली.

"चालेल," ती म्हणाली.